उद्योगांना सवलती : खर्च दिसतो, फळ कसे मोजायचे?

खिदिरपूर (कोलकाता) : उद्योगांना दिल्या जाणाऱ्या अनुदानांचा आणि करसवलतींचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न पश्चिम बंगालच्या २०२५ मधील एका कायद्याने ऐरणीवर आणला आहे. या कायद्याने १९९३ पासूनच्या औद्योगिक प्रोत्साहन योजना पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केल्या. हा निधी दुर्बल घटकांच्या कल्याणासाठी वापरावा, अशी सरकारची भूमिका आहे. आश्वासनांवर विसंबून गुंतवणूक केल्याचे सांगत सिमेंट क्षेत्रासह काही कंपन्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली.

सवलतींचे दुहेरी परिणाम या परिसराने पूर्वीही अनुभवले आहेत. १८९२ मध्ये सुरू झालेल्या खिदिरपूर गोदीला आणि हुगळीकाठच्या कारखान्यांना जवळच्या कोळसा व लोखंडाच्या खाणींचा नैसर्गिक लाभ होता. १९५० च्या दशकात केंद्राने मालवाहतूक भाडे समानीकरणाचे धोरण आणले आणि जमशेदपूरचे पोलाद कोलकात्यात व मुंबईत जवळपास एकाच भावाने मिळू लागले. कापसाला मात्र ही सोय नव्हती. पोलाद वापरणारे उद्योग या धोरणामुळे हळूहळू पूर्वेकडून पश्चिम व दक्षिण भारताकडे सरकले, असे जॉन फर्थ आणि अर्नेस्ट लियू यांच्या अभ्यासात आढळले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे धोरण संपुष्टात आले. एका राज्यात दिसणारी वाढ ही दुसऱ्या राज्याची हानी असू शकते, हा त्यातील धडा.

म्हणूनच केवळ किती कारखाने आले, हे मोजणे पुरेसे नसते. सवलत नसती तर ते आले असते का, हा खरा प्रश्न आहे. अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार केवळ २ ते २५ टक्के प्रकल्पांचा निर्णय सवलतीमुळे बदलला. म्हणजे १०० पैकी किमान ७५ प्रकल्पांना दिलेला पैसा निर्णयाच्या दृष्टीने अनावश्यक ठरला.

सवलती नेहमीच निष्फळ ठरतात, असेही नाही. २००३ मध्ये उत्तराखंड व हिमाचल प्रदेशातील नव्या उद्योगांना उत्पादन शुल्कात दहा वर्षांची आणि प्राप्तिकरात मोठी सूट मिळाली. रितम चौरे यांनी या राज्यांची तुलना शेजारच्या राज्यांशी केली, तेव्हा रोजगार, उत्पादन आणि कारखान्यांची संख्या लक्षणीय वाढल्याचे दिसले. शेजारून कारखाने पळवले गेल्याचा पुरावा आढळला नाही.

महाराष्ट्रातही १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली जाते आणि मागास तालुक्यांना त्यात अधिक लाभ दिला जातो. तिचे मूल्यमापनही याच निकषांवर व्हायला हवे : सवलतीविना काय घडले असते, एका अतिरिक्त रोजगारामागे किती महसूल सोडावा लागला, तो रोजगार अन्य जिल्ह्यातून तर आला नाही ना आणि सवलतीची मुदत संपल्यावर कारखाना टिकला का.

बंगालच्या कायद्याने त्यात आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे. फळ न देणारी योजना पुढील गुंतवणुकीसाठी बंद करणे आणि आधी दिलेला शब्द मागे घेणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिलीने तिजोरीचा भार हलका होतो. दुसरीमुळे मात्र पुढचा गुंतवणूकदार त्याच शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी अधिक किंमत मागू शकतो.