ट्रॅव्हल, ट्रिप, जर्नी आणि टूर : या शब्दांमध्ये नेमका फरक काय?

सुट्ट्या लागल्या की सोशल मीडियावर 'फॅमिली टूर', 'हॅपी जर्नी', 'माय ट्रॅव्हल' अशा शब्दांची रेलचेल सुरू होते. मराठीत बहुतेक ठिकाणी 'प्रवास' या एकाच शब्दावर काम भागतं, त्यामुळे हे सगळे शब्द आपल्याला सारखेच वाटतात. इंग्रजीत मात्र प्रत्येकाचं काम वेगळं आहे. फोटोखाली चुकीचा शब्द पडला तर फारसं बिघडत नाही, पण परदेशी ग्राहकाला ईमेल लिहिताना किंवा विमानाचं तिकीट काढताना गोंधळ झाला तर तो महागात पडू शकतो.

ट्रॅव्हल : हे मुख्यतः क्रियापद आहे, म्हणजे प्रवास करणे. नाम म्हणून वापरलं तरी ते मोजता येत नाही, त्यामुळे 'अ ट्रॅव्हल' म्हणणं चूक. 'माय ट्रॅव्हल टू पुणे वॉज गुड' याऐवजी 'माय ट्रिप' किंवा 'माय जर्नी' म्हणावं. आपल्याकडे खासगी बसला सर्रास 'ट्रॅव्हल्स' म्हणतात, पण 'ट्रॅव्हल्सने आलो' हे परदेशात कुणाला कळणार नाही.

ट्रिप : जाणं, तिथलं काम किंवा मुक्काम आणि परत येणं, हे सगळं मिळून ट्रिप. म्हणूनच 'बिझनेस ट्रिप' म्हणतात आणि जाण्या-येण्याच्या प्रवासाला 'राउंड ट्रिप' म्हणतात.

जर्नी : एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंतचा प्रवास. हा शब्द 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आणि पूर्वी त्याचा अर्थ एका दिवसात होणारी वाटचाल असा होता. कुणी 'हाउ वॉज युअर जर्नी?' विचारलं तर गाडी वेळेवर होती का, बसायला जागा मिळाली का, हे सांगायचं. 'हाउ वॉज युअर ट्रिप?' विचारलं तर तिथे काय पाहिलं, कसं वाटलं, हेही सांगायचं.

टूर : ठरवून अनेक ठिकाणं पाहणं. जयपूर, जोधपूर, उदयपूर करून आलात तर ती टूर. क्रिकेट संघाच्या दौऱ्यालाही टूर म्हणतात, कारण सामने वेगवेगळ्या शहरांत होतात. नागपूरला एका लग्नाला जाऊन आलात तर ती मात्र ट्रिपच.

व्हॉयेज : समुद्रातला किंवा अंतराळातला लांबचा प्रवास. नासाने 1977 मध्ये सोडलेल्या दोन यानांचं नाव 'व्हॉयेजर' आहे, ते यावरूनच.

पिकनिक : आपण कुठल्याही सहलीला पिकनिक म्हणतो. इंग्रजीत मात्र डबा बरोबर नेऊन मोकळ्या जागेत बसून जेवणं, ही पिकनिक. दोन दिवस महाबळेश्वरला राहून आलात तर ती ट्रिप झाली.

आउट ऑफ स्टेशन : गावाला जाताना रजेच्या अर्जात आपण हे हमखास लिहितो. ब्रिटिश काळापासून भारतात रुळलेला हा प्रयोग परदेशातल्या अनेकांना कळत नाही. त्यांना लिहिताना 'आउट ऑफ टाउन' लिहावं.

तिकीट काढताना हे शब्द नीट वाचा

'नॉन-स्टॉप' विमान वाटेत कुठेही उतरत नाही. 'डायरेक्ट' विमानाचा फ्लाइट क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो, पण ते मध्ये एखाद्या शहरात थांबू शकतं. आई-वडिलांना एकट्याने पाठवताना 'डायरेक्ट' एवढंच पाहून तिकीट काढू नका. थांबे किती आहेत तेही तपासा.

दुसरी जोडी 'लेओव्हर' आणि 'स्टॉपओव्हर'. आंतरराष्ट्रीय प्रवासात पुढच्या विमानासाठी 24 तासांच्या आत थांबावं लागलं तर साधारणपणे तो लेओव्हर, त्याहून जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर. विमानतळाबाहेर पडून शहरात राहायचं असेल तर त्या देशाचे व्हिसाचे नियम लागू होतात. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. म्हणून पैसे भरण्याआधीच हे पाहून घ्यावं.

थोडक्यात, जाऊन आलात तर ट्रिप, वाटेबद्दल बोलायचं तर जर्नी, अनेक ठिकाणं फिरलात तर टूर आणि प्रवास करणं म्हणजे ट्रॅव्हल.