आकड्यांत साथीदारांचा वाटा किती?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, नावावर लागणारे आकडे खरं तर अकरा जणांच्या कामाचे असतात. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ २०१६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. ५ टचडाउन, ७ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेकी. पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून शॉन मॅकव्हे आले, क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या संरक्षक फळीत अनुभवी अँड्र्यू व्हिटवर्थ आला, चेंडू झेलायला रॉबर्ट वुड्स आणि कूपर कप मिळाले. त्या हंगामात २८ टचडाउन. इंटरसेप्शन पुन्हा ७च, पण दुपटीहून जास्त फेकींमध्ये. गॉफचा अनुभवही वर्षभराने वाढला होता, हा आक्षेप रास्त आहे. तरी एवढा फरक एकट्या अनुभवाने पडतो, हे मला पटत नाही.

मग अपयशाचं सगळं खापर साथीदारांवर फोडायचं का? मुळीच नाही. ह्यूस्टन टेक्सन्सचा नवखा डेव्हिड कार २००२ च्या हंगामात ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. दोष संरक्षक फळीचा, असंच आधी वाटतं. पण क्वार्टरबॅक संघ बदलतो तेव्हा त्याचं सॅक होण्याचं प्रमाण बऱ्याच अंशी त्याच्यासोबत जातं, कारण चेंडू किती वेळ हातात धरायचा हे तोच ठरवतो. शिवाय बचावपटूंचा दबाव नसतानाची कामगिरी दबावाखालच्या कामगिरीपेक्षा वर्षानुवर्षं अधिक स्थिर राहते. म्हणून नवख्याला जोखताना जय-पराजय बाजूला ठेवावेत आणि पुरेसा वेळ मिळाल्यावर त्याने चेंडू कोणाकडे, किती लवकर फेकला, हे आधी पाहावं.