आजेसासूबाईंचा पितळी डबा

आमच्या घरात वारशाने आलेलं सोनं फारसं नाही. आहे तो एक पितळी डबा, पाच-सहा शेर तांदूळ मावतील एवढा. झाकणावर आजेसासूबाईंचं नाव आणि खाली 'आळीतील भगिनींकडून सप्रेम भेट' अशी अक्षरं. त्या कल्याणला पारनाक्याजवळ राहायच्या आणि आळीचा मुष्टिफंड सांभाळायच्या.

मुष्टिफंड म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. भाताचं आधण ठेवताना घरची बाई धुवायच्या तांदळातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. आठवड्याने कुणीतरी घरोघर फिरून त्या मुठी गोळा करायचं. पैसा बहुतेकींच्या हाती नसे, पण तांदळाचा डबा त्यांच्या ताब्यात असे. त्यामुळे हे दान कुणाला न विचारता करता येई. माझ्या मते या रीतीचं खरं बळ तेच. आजेसासूबाईंनी जमवलेले तांदूळ मुरबाड-शहापूरकडून शिकायला आलेल्या, वार लावून, म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी जेवणाऱ्या मुलांसाठी असत. ज्या दिवशी कुणाकडेच वार नसे, त्या दिवशी मुलाने काय खावं? त्या दिवसाची ती सोय होती.

बायकांनी असं दारोदार फिरून मोठ्या संस्थाही जगवल्या. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. केडगावला अनाथ मुली आणि विधवांना सांभाळणाऱ्या पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिलं. आळीतल्या बायकांकडे पदक कुठलं असणार? त्यांनी वर्गणी काढली, डबा घेतला, त्यावर नाव घालून दिलं.

नाव घालणारा कारागीर बारीक छिन्नीवर हातोडीचे टोले देत ठिपक्याठिपक्यांनी अक्षर काढतो. हे ठिपके उथळ असतात, राखेने घासून घासून झिजतात. आमच्या डब्यावरचं 'सप्रेम' आता डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. म्हणून मी तो चिंचेच्या कोळाने हलकेच पुसते. चिंचेच्या आंबटपणाने काळा थर सुटतो, घासावं लागत नाही. तुमच्याकडे असं भांडं असेल तर त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, अक्षरांचा ठसा उमटेल. त्याच कागदामागे ते भांडं कोणी, कशासाठी दिलं तेही लिहा. मी लिहायला घेतलं आहे. सासूबाईंना त्या मुलांची गावं आठवतात, नावं फार थोडी. जुन्या कल्याणात ज्यांच्या घरी असे वार होते, त्यांच्याकडे आता विचारते आहे.