पापड, हात आणि ‘घरी जा’ (लेखमाला ‘बोललेला शब्द’ : लेखांक ५)

वांशिक हेटाळणीचा शब्द एरवी दोन-चार माणसांत संपतो. बोलणारा, ज्याला उद्देशून बोलले तो, आणि फार तर शेजारी उभा असलेला कोणी. तोच शब्द रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवरून गेला की लाखो घरांत एकाच वेळी पोचतो. ज्या वंशाला, वर्णाला किंवा देशाला धरून तो उच्चारलेला असतो, त्यातल्या प्रत्येकाला तो लागतो. शिवाय तो वाऱ्यावर उडत आलेला नसतो. कोणीतरी तो ध्वनिमुद्रित केलेला असतो, पाहिलेला असतो, दाखवायला हरकत नाही असे ठरवलेले असते. शब्दापेक्षा या ठरवण्याचाच राग लोकांना अधिक येतो. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनमध्ये गाजलेले ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’चे प्रकरण याच कारणासाठी तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

कार्यक्रम चॅनल ४ या वाहिनीचा. कल्पना मूळची डच. भारतात तीच ‘बिग बॉस’ या नावाने आली. घर बंद, कॅमेरे चोवीस तास चालू, आणि दिवसभराच्या चित्रणातून वेचून रात्री दाखवलेला भाग. त्या हंगामात मुंबईची अभिनेत्री शिल्पा शेट्टी घरात होती. तिच्याशी तिघींचे खटके उडत होते : जेड गुडी, सौंदर्यस्पर्धेतून पुढे आलेली डॅनियल लॉइड आणि ‘एस क्लब ७’ या पॉप गटाची गायिका जो ओमेरा. गुडी लंडनच्या बर्मंडसी भागातली. २००२ च्या ‘बिग ब्रदर’मध्ये ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिच्या भूगोलाच्या अज्ञानाची वृत्तपत्रांनी यथेच्छ टर उडवली होती. त्याच टरीच्या जोरावर पुढे तिने नाव आणि पैसा मिळवला.

ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ‘ऑफकॉम’ या संस्थेने नंतर तीन प्रसंगांवर बोट ठेवले. या तिन्हींत वंशवाचक शिवी म्हणून कोशात सापडेल असा शब्द एकही नाही.

पहिला प्रसंग स्वयंपाकघरातला. शिल्पाच्या हातची कोंबडी नीट शिजली नव्हती, अशी कुरकुर सुरू झाली. भारतीय माणसे बारीक असतात ती असले अर्धेकच्चे खाऊन सतत आजारी पडतात म्हणून, असा शोध लागला. भारतात हाताने जेवतात ना, की ते चीनमध्ये, अशी शंका निघाली. हे हात आणखी कुठे कुठे लागले असतील कोण जाणे, असेही बोलले गेले. मराठी वाचकाला यातला डंख समजावून सांगावा लागत नाही. अन्नाला लागलेल्या हाताची किळस माणसाच्या स्वच्छतेवरून ठरत नाही, तो कुठल्या समूहाचा आहे त्यावरून ठरते, हे विटाळ पाळणाऱ्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कामवालीचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरांतही त्या आठवड्यात ब्रिटिशांच्या वर्णद्वेषाबद्दल संताप व्यक्त झाला असेल. त्यामुळे संताप खोटा ठरत नाही, पण त्याची मुळे कुठे आहेत ते कळते.

दुसरा प्रसंग ऑक्सो क्यूबच्या भांडणानंतरचा. रश्शाला चव आणणारे हे छोटे चौकोनी खडे ब्रिटिश घरांत सर्रास असतात. ते कोणी मागवले आणि कोणी वापरले यावरून गुडी शिल्पावर बराच वेळ ओरडत राहिली. पुढे लॉइडने एक गलिच्छ क्रियापद जोडून, हिने आपल्या घरी चालते व्हावे, असे म्हटले. ‘घरी जा’ हे शब्द मराठीत कुणाला टोचणार नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र त्यांना इतिहास आहे. वेस्ट इंडीज, भारत आणि पाकिस्तानातून आलेल्यांच्या, आणि १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या गुजराती कुटुंबांच्या कानांवर हेच शब्द पडत आले होते. ‘नॅशनल फ्रंट’सारख्या पक्षाचे तर सारे राजकारणच बाहेरून आलेल्यांना परत पाठवा या मागणीवर उभे होते. म्हणून लेस्टर किंवा साउथॉलच्या दक्षिण आशियाई वस्त्यांत जन्मलेल्या, दुसरे घरच नसलेल्या प्रेक्षकाला ते वाक्य शिल्पासाठी उरले नाही. ते त्याला शाळेच्या आवारात ऐकू आलेले वाक्य होते.

तिसरा प्रसंग सर्वांत चमत्कारिक. गुडीने शिल्पाचा उल्लेख ‘शिल्पा पॉपडम’ असा केला. पॉपडम म्हणजे आपला पापड. ब्रिटनमधल्या भारतीय म्हणवणाऱ्या (आणि बहुतेक करून सिल्हेटच्या बांगलादेशी मालकांच्या) उपाहारगृहांत जेवणाआधी चटण्यांबरोबर येतो तो. पापडात अपमानकारक काय? आडनाव आठवेना म्हणून एखादे भारतीय नाव शोधत होते आणि खाण्याचा पदार्थ तोंडात आला, असा खुलासा गुडीने केला. खुलासा बहुधा प्रामाणिक होता, आणि नेमके तेच दुखणारे होते. शेट्टी हे दोन अक्षरांचे आडनाव. कित्येक दिवस एका छपराखाली राहूनही ते लक्षात ठेवावेसे वाटले नाही, आणि त्या रिकाम्या जागी हॉटेलातल्या ताटलीतला पदार्थ बसला. समोरचा माणूस पुसून त्याजागी त्याच्या देशाचे व्यंगचित्र काढणे, ही वांशिक हेटाळणीची सर्वांत साधी रीत आहे. तिला द्वेषाची गरज लागत नाही, बेफिकिरी पुरते.

इथून वादाने नेहमीचे वळण घेतले : गुडी वर्णद्वेष्टी आहे की नाही? तिचे वडील मिश्रवंशीय होते, मग ती कशी असेल, असे काहींनी विचारले. खुद्द शिल्पाने घरात असताना एकदा हा वंशवाद असल्याचे म्हटले होते, पण नंतर आपल्याला तसे वाटत नाही असे सांगितले. जिला बोलले तिचीच तक्रार नाही, तर इतरांनी का दुखावून घ्यावे? खाजगी भांडणात हा प्रश्न रास्त असतो. प्रसारणात तो गैरलागू ठरतो, कारण तिथे दुखावला जाणारा पक्ष एकच नसतो. शिल्पाने क्षमा केली तरी ती तिची स्वतःची क्षमा. साउथॉलमधल्या प्रेक्षकाच्या वतीने ती देता येत नाही.

ऑफकॉमकडे ४४ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, तोवरचा हा उच्चांक होता. पाटण्यात निदर्शकांनी कार्यक्रमाच्या आयोजकांचे पुतळे जाळले. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन नेमके तेव्हाच भारताच्या दौऱ्यावर होते. व्यापाराबद्दल बोलायला आलेल्या या गृहस्थांना, ब्रिटन हा सहिष्णू देश आहे, असा खुलासा करावा लागला. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला. प्रायोजक ‘कारफोन वेअरहाउस’ने आपले नाव काढून घेतले, गुडीच्या नावाचे अत्तर एका दुकानसाखळीने मांडणीवरून हटवले. १९ जानेवारीला शिल्पा की गुडी या मतदानात गुडी ८२ टक्के मतांनी बाहेर पडली, आणि २८ तारखेला शिल्पा जिंकली. पोलिसांनी चौकशी केली, पण खटला झाला नाही. वांशिक द्वेष भडकावणे हा फौजदारी गुन्हा. अडाणी आणि कुत्सित बोलणे त्यात बसत नाही.

मग दोष कुणाचा? ऑफकॉमचा निर्णय २४ मे २००७ रोजी आला, आणि तो गुडीविरुद्ध नव्हता, चॅनल ४ विरुद्ध होता. संस्थेची संहिता अपमानकारक मजकुराला सरसकट बंदी करत नाही. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून कोणाला हिणवणारा मजकूर दाखवायचा तर संदर्भाने त्याचे समर्थन व्हायला हवे, एवढेच तिचे म्हणणे. वर्णद्वेषाचे दर्शन घडवणे निषिद्ध नाही. नाहीतर त्या विषयावरचा एकही माहितीपट दाखवता आला नसता. इथे मात्र बोलणाऱ्याला वेळीच अडवलेले नव्हते, मजकूर सावधपणे हाताळलेला नव्हता. चौकशीत असेही उघड झाले, की पाकिस्तानी लोकांसाठी वापरली जाणारी कुप्रसिद्ध शिवी घरातल्या थट्टेत आली होती आणि तो भाग दाखवला गेला नव्हता. म्हणजे गाळायचे काय हे निर्मात्यांना कळत होते. पापड आणि हात त्यांना चालून गेले.

चालू राहिलेल्या माइकची प्रकरणे यापेक्षा वेगळी आहेत. एप्रिल २००४ मध्ये फुटबॉल समालोचक रॉन ॲटकिन्सन कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मार्सेल देसाइयीबद्दल वर्णद्वेषी बोलला, तेव्हा प्रक्षेपण संपले असे त्याला वाटत होते. आखाती देशांत ते चालूच होते. ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबोच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेच्या मुस्लीम खेळाडू हशिम आमलाने झेल घेतला आणि समालोचक डीन जोन्सने त्याला दहशतवादी म्हटले, तेही जाहिरात लागली असे समजून. दोघांचीही समालोचनाची कामे तत्काळ गेली. अशा वेळी वाहिनी हात झटकून मोकळी होऊ शकते. आधी चित्रित केलेल्या कार्यक्रमाला ती सोय नाही.

भारतातही नियम आहे. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमावलीतील कार्यक्रम संहिता वांशिक, भाषिक व प्रादेशिक गटांचे कुचेष्टेचे, तुच्छतेचे चित्रण करायला मनाई करते. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘डान्स दीवाने’ या हिंदी कार्यक्रमात आसामच्या एका लहान मुलीची ओळख सूत्रसंचालकाने मोमो आणि चिनी वाटणाऱ्या निरर्थक शब्दांनी करून दिली. मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी जाहीर निषेध केला. आधीच्या भागातला संदर्भ पाहा, असे सूत्रसंचालकाचे म्हणणे होते. पण देशाच्या ईशान्येकडल्या माणसांना दिल्ली-मुंबईच्या रस्त्यांवर रोज ऐकाव्या लागणाऱ्या शब्दांना संदर्भ आधीच चिकटलेला असतो, आणि हा भाग संकलकाच्या टेबलावरून जाऊनच दिसला होता.

पुन्हा २००७ च्या निर्णयाकडे. ऑफकॉमने चॅनल ४ ला त्याचा सारांश तीन वेळा प्रसारित करायला लावले. त्यांतली पहिली वेळ ३० मे रोजी, ‘बिग ब्रदर’च्या नव्या हंगामाच्या पहिल्या भागाची. आठवडाभराने, ७ जूनच्या पहाटे, एका गोऱ्या स्पर्धक मुलीने कृष्णवर्णीय सहस्पर्धकाला थट्टेत वंशवाचक शिवी दिली म्हणून वाहिनीने तिला उजाडण्यापूर्वीच घराबाहेर काढले.