साप्ताहिक इंजेक्शन आणि मावळलेली क्षुधा



स्थूलतेसाठी आठवड्यातून एकदा इंजेक्शन घेणारा रुग्ण आता आपल्या चिकित्सालयातही येऊ लागला आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये, तर स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. अशा रुग्णास काय द्यावे, यापेक्षा काय देऊ नये, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

भोजनोत्तर आतड्यातून जीएलपी-१ नामक अंतःस्राव स्रवतो. तो इन्सुलिनचा स्राव वाढवितो, आमाशय रिकामे होण्याची गती मंदावतो व मेंदूस तृप्तीचा संदेश देतो. हा नैसर्गिक स्राव काही मिनिटांतच निष्प्रभ होतो. त्याचे अनुकरण करणाऱ्या या औषधांचा प्रभाव मात्र आठवडाभर टिकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. हे यश नाकारण्यात अर्थ नाही. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले, हेही पुढील पाहणीत दिसले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २१ व्या अध्यायात, अतिस्थूलाच्या आठ दोषांत अतिक्षुधेची गणना आहे. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो, अशी तिची संप्राप्ती सांगितली आहे. आपली स्थौल्यचिकित्सा ही प्रबळ क्षुधा गृहीत धरते. या रुग्णात तीच मावळलेली असते. मळमळ, वांती, अतिसार किंवा मलावरोध हे या औषधांचे नेहमीचे उपद्रव होत. त्यावर लंघन वा विरेचन योजल्यास जलक्षय व बलहानी होण्याचा धोका आहे. वजनाबरोबर मांसधातूही घटतो. म्हणून मुगाचे कढण, दूध, डाळी यांसारखा पचेल असा बल्य आहार व झेपेल तेवढा व्यायाम यांवर भर द्यावा.

प्रत्येक स्थूल वा मधुमेही रुग्णास ‘आठवड्याचे इंजेक्शन घेता काय?’ असे स्पष्ट विचारावे व उत्तराची नोंद ठेवावी. तीव्र व न थांबणारे उदरशूल आढळल्यास ते अजीर्ण मानून चूर्ण देत बसू नये. स्वादुपिंडशोथ वा पित्ताश्मरीची शंका घेऊन रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया चालू असल्यास रक्तशर्करा अतिशय खालावू शकते, हेही ध्यानी असावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी ही इंजेक्शने चिठ्ठीविना देऊ नयेत. न वापरलेली पेन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावीत. ती गोठू देऊ नयेत. ‘इंजेक्शनला आयुर्वेदिक पर्याय’ अशी पाटी लावून गुग्गुळाच्या गोळ्या विकण्याचा मोहही टाळावा. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे.

इंजेक्शन थांबल्यावर क्षुधा परतते. त्या वेळी आहार, निद्रा व व्यायाम यांची घडी बसलेली असेल, तरच रुग्ण सावरेल. ती घडी औषध चालू असतानाच बसविणे, हे आपले कार्य होय.