शिथिलन सीमा-अटी, महासागरी प्रतिकृतींतील

महासागरी अभिसरणाच्या संगणकीय प्रतिकृतीत पृष्ठभागावरील किंवा बाजूच्या सीमेवरील पाण्याचे तापमान व लवणता ही ठराविक निरीक्षित मूल्यांकडे ठराविक गतीने ओढत नेणाऱ्या अटींना शिथिलन सीमा-अटी म्हणतात. प्रतिकृतीतील मूल्य व लक्ष्य मूल्य यांतील फरक जितका मोठा तितका ओढा प्रबळ, हे या अटींचे मूलतत्त्व होय. हा फरक मूळच्या सु. ३७ टक्क्यांवर येण्यास लागणाऱ्या कालावधीस शिथिलन काल म्हणतात.

प्रतिकृतीतील समीकरणे पाण्याच्या अंतर्भागातील गती सांगतात. परंतु पृष्ठभागातून किती उष्णता व किती गोडे पाणी आत येते, हे बाहेरून सांगावे लागते. कर्क ब्रायन यांनी १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पहिल्या त्रिमितीय महासागरी प्रतिकृती तयार केल्या, तेव्हा ही माहिती फार तुटपुंजी होती. पृष्ठभागाचे सरासरी तापमान व लवणता मात्र जहाजांवरील निरीक्षणांमुळे बऱ्याच भागांत माहीत होती. म्हणून अज्ञात आवक-जावक मोजण्याऐवजी ज्ञात मूल्यांकडे ओढ लावणे सोयीचे ठरले. एस्. लेव्हिटस यांचा जागतिक महासागराचा नकाशासंग्रह १९८२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर अशी लक्ष्य मूल्ये सर्वांना उपलब्ध झाली.

तापमान : आर्. एल्. हेनी यांनी १९७१ मध्ये या अटीला भौतिकीय आधार दिला. पाणी हवेपेक्षा उबदार झाले की, बाष्पीभवन, उष्णतासंवहन व प्रारण यांमुळे ते अधिक उष्णता गमावते. त्यामुळे पाण्यास मिळणारी उष्णता उ = क (त₁ – त₂) अशी मांडता येते. येथे त₁ हे वातावरणावरून ठरणारे लक्ष्य तापमान, त₂ हे पाण्याचे तापमान व क हा गुणांक आहे. क चे मूल्य प्रत्येक अंश सेल्सियस फरकामागे दर चौ. मी. ला सु. ४० वॉट धरल्यास ५० मी. जाडीच्या थराचा शिथिलन काल सु. ५९ दिवस येतो, १० मी. जाडीच्या थराचा तो सु. १२ दिवसच येतो. म्हणून शिथिलन काल थराच्या जाडीसह सांगावा लागतो. १० मी. च्या थराला ५९ दिवसांचा काल लावल्यास समान फरकासाठी मिळणारी उष्णता एकपंचमांश होते.

या सूत्राचा एक परिणाम सहज ध्यानात येत नाही. पाण्याचे तापमान लक्ष्याशी तंतोतंत जुळले, तर उष्णतेची आवक शून्य होते. दर चौ. मी. ला ८० वॉट उष्णता मिळण्यासाठी क चे वरील मूल्य धरता २° से. फरक उरावाच लागतो. म्हणून निरीक्षित तापमान हेच लक्ष्य मानल्यास अचूक तापमान व योग्य उष्णता ही दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत.

लवणता : लवणतेच्या बाबतीत असा आधार नाही. समुद्र अधिक खारट झाला म्हणून त्यावर अधिक पाऊस पडत नाही. येथील शिथिलन ही केवळ पर्जन्य, बाष्पीभवन व नद्यांचे पाणी यांच्या अंदाजांतील चुका सावरणारी तडजोड होय. बंगालच्या उपसागरात याचा प्रत्यय येतो. गंगा, ब्रह्मपुत्रा व इरावती यांच्या पाण्याने तेथे वर हलका, कमी खारट थर साचतो व खालच्या पाण्याशी होणारे मिश्रण रोखतो. अल्प शिथिलन कालाने सरासरी लवणतेकडे ओढ लावल्यास एखाद्या वर्षीच्या असाधारण पुराची खूणच पुसली जाते. निरीक्षणांशी दिसणारी जुळणी तेव्हा प्रतिकृतीने मिळविलेली नसते. ती तिला दिलेली असते.

याहून गंभीर प्रश्न अभिसरणाच्या स्थैर्याचा आहे. एच्. स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये दाखविले की, तापमान व लवणता यांच्या शिथिलनाचे दर भिन्न असल्यास एकाच परिस्थितीत अभिसरणाच्या दोन स्थिर अवस्था संभवतात. एफ्. ब्रायन यांनी १९८६ मध्ये तापमानाला शिथिलन व लवणतेला स्थिर आवक अशा मिश्र अटी वापरल्या. तेव्हा उच्च अक्षांशांवरील लवणतेत केलेल्या बदलाने प्रतिकृतीतील अभिसरण कोलमडले. पाण्याबरोबर हवेचे तापमानही बदलू दिल्यास अभिसरण अधिक स्थिर राहते, असे झँग, ग्रेटबॅच व लिन यांना १९९३ मध्ये आढळले. म्हणजे अटलांटिकच्या भवितव्याविषयीचे अनुमान अंशतः सीमेवरील अटीच्या निवडीवर अवलंबून असते.

बाजूच्या सीमा : मर्यादित क्षेत्राच्या प्रतिकृतीत, उदा., हिंदी महासागर ३०° द. अक्षांशावर तोडल्यास, कृत्रिम सीमेवरून लाटा परावर्तित होतात. एच्. सी. डेव्हिस यांनी १९७६ मध्ये वातावरणाच्या प्रतिकृतींसाठी सुचविलेल्या पद्धतीप्रमाणे सीमेलगत एक पट्टा राखतात; त्यात ओढा कडेला प्रबळ असून आत हळूहळू शून्य होतो. पाणी आत येत असताना ओढा प्रबळ व बाहेर जाताना क्षीण ठेवणे हितावह ठरते.

मांडणीतील दक्षता : लक्ष्य मूल्यांचा स्रोत, शिथिलन काल, थराची जाडी व पट्ट्याची रुंदी नोंदविणे आवश्यक असते. सागरी बर्फाखाली पृष्ठीय शिथिलन बहुधा थांबवितात. एकूण मीठ कृत्रिमपणे वाढू वा घटू नये म्हणून लवणतेच्या दुरुस्तीची जागतिक सरासरी वजा करतात. दुरुस्तीचे नकाशे साठवून तपासल्यास ती कोठे सतत एकाच दिशेने होते ते कळते. बहुधा तेथेच प्रतिकृतीचा किंवा तिला पुरविलेल्या माहितीचा दोष असतो. आर्गो या तरंगत्या उपकरणांची संख्या २००७ मध्ये ३,००० झाल्यापासून लक्ष्य मूल्ये पुष्कळ सुधारली आहेत. तथापि लवणतेची ओढ शक्य तितकी क्षीण ठेवणे हेच इष्ट होय.