जलतरण तलाव ते सागरकिनारा : जीवरक्षकाच्या प्रशिक्षणाचे स्वरूप

दि. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेल्या १४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. अशा वेळी ‘पोहता येत होते काय?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः ‘लक्ष कोण ठेवीत होते?’ हा प्रश्न अधिक मूलगामी होय.

पट्टीचा पोहणारा म्हणजे जीवरक्षक नव्हे. तलावावरील प्रशिक्षणात पोहण्याइतकेच महत्त्व निरीक्षणास असते. बुडणारी व्यक्ती बहुधा ओरडत नाही. श्वासासाठीच्या धडपडीत तिला हाक मारणेही अशक्य होते. म्हणून जीवरक्षक तळापासून पृष्ठभागापर्यंत सतत नजर फिरवितो. वाचविताना तो तरंगते साधन पुढे करतो, कारण घाबरलेल्याची मिठी दोघांनाही बुडवू शकते. श्वास थांबला असल्यास प्रथम कृत्रिम श्वास, नंतर ३० छातीदाबांस २ श्वास, हा क्रम त्यास शिकविला जातो.

समुद्रावर एवढे पुरत नाही. तेथे खोली भरती-ओहोटीनुसार बदलते. किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहाशी झुंजल्यास केवळ दमछाक होते. किनाऱ्यास समांतर पोहूनच त्यातून सुटावे लागते. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत.

सहलीसोबतचा प्राध्यापक जीवरक्षक नसतो. तथापि ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारणे, आणि एकाने तरी पाण्यात न उतरता विद्यार्थी मोजीत उभे राहणे, त्यास शक्य असते.